इमान कोणाशी?

(एका अभ्यासमंडळापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



५ नोव्हेंबर १९४५ रोजी दिल्लीच्या लाल किल्ल्यात एका लष्करी न्यायालयाचे कामकाज सुरू झाले. न्यायालयापुढे तीन आरोपी होते : शाहनवाझ खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लाँ. एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख. तिघेही ब्रिटिश हिंदी सैन्याचे अधिकारी. तिघांनीही इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहण्याचे बंधन पत्करलेले. आणि तिघेही पुढे आझाद हिंद सेनेत सामील होऊन त्याच राजाच्या फौजेविरुद्ध लढलेले. राजाविरुद्ध युद्ध पुकारणे हा त्यांच्यावरील मुख्य आरोप होता. घडलेल्या गोष्टी आरोपींनी लपवल्या नाहीत. आपण लढलो हे त्यांनी भर न्यायालयात सांगितले. तेव्हा तेथे खरा निवाडा व्हावयाचा होता तो एका शब्दाच्या अर्थाचा. तो शब्द म्हणजे इमान.

शाहनवाझ खान यांचे निवेदन या दृष्टीने मननीय आहे. रावळपिंडीकडच्या एका घराण्यात त्यांचा जन्म झाला. सैनिकी पेशा आणि राजनिष्ठा या दोन्ही गोष्टी त्या घराण्यात वारशाने चालत आलेल्या. राजा आणि देश यांपैकी एकाचीच निवड करण्याची वेळ आली तेव्हा देशाची निवड केली, असे त्यांनी न्यायालयास सांगितले. हे सांगणे वरवर सोपे वाटते. परंतु ज्या माणसाला लहानपणापासून राजा म्हणजेच देश असे शिकवले गेले, त्याच्या मनात ही दोन नावे प्रथम वेगळी होतात तो क्षण साधा नसतो. आज ती दोन नावे पुन्हा एकमेकांत मिसळण्याचा प्रयत्न होताना दिसतो, म्हणून त्या क्षणाचा अर्थ नीट समजून घेण्याची गरज आहे.

मराठी भाषेत या भावनेसाठी शब्दांची वाण नाही. निष्ठा, इमान, स्वामिभक्ती, राजनिष्ठा हे शब्द आहेतच. पण सर्वांत जिवंत प्रयोग आहे तो ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ हा. या प्रयोगात एक व्यवहार दडलेला आहे. कोणीतरी मीठ देतो आणि कोणीतरी ते खातो. देणाऱ्याने दिले म्हणून खाणाऱ्याने जागावयाचे. म्हणजे सरंजामी काळातले इमानसुद्धा एकतर्फी नव्हते. धन्याने पोसावे, पाठीशी उभे राहावे. चाकराने प्रसंगी मान द्यावी. धनी पाठ फिरवील तर चाकराचे बंधन सैल होई, आणि यात कोणाला फारसे वावगेही वाटत नसे. सतराव्या शतकातील दख्खनचे सरदार निजामशाही, आदिलशाही आणि मोगल यांच्यामध्ये किती वेळा इकडून तिकडे गेले याची यादी करू गेल्यास ती संपता संपणार नाही.

मग त्याच काळात मुरारबाजी देशपांडे वेगळे का वाटतात? परंपरा असे सांगते की, ते आधी जावळीच्या मोऱ्यांच्या पदरी होते. मोऱ्यांचा पाडाव झाल्यावर ते शिवाजी महाराजांकडे आले. म्हणजे धनी बदलणे त्यांनाही अपरिचित नव्हते. परंतु १६६५ मध्ये पुरंदरच्या वेढ्यात दिलेरखानाने त्यांना कौल देऊ केला तेव्हा त्यांनी तो झिडकारला आणि लढता लढता देह ठेवला, अशी हकीकत सभासदाने नोंदवून ठेवली आहे. पहिल्या धन्याच्या वेळी जे बंधन चाकरीचे होते, ते दुसऱ्या वेळी कार्याचे झाले होते, असाच याचा अर्थ लावावा लागतो. मोठ्या मनसबीचा मोह चाकराला पडू शकतो. ज्याला कार्य आपले वाटते त्याला बाजारात किंमत उरत नाही.

पुढे १६८९ मध्ये या फरकाची कसोटीच लागली. संभाजीराजांची हत्या झाली, रायगड पडला, येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले, राजाराम महाराज दूर जिंजीस पोहोचले. सिंहासन नाही, राजधानी नाही, राजा शेकडो कोस दूर. तरीही लढाई थांबली नाही. औरंगजेब १७०७ मध्ये याच भूमीत मरण पावला, पण त्याला हा मुलूख जिंकता आला नाही. राजा डोळ्यांसमोर नसताना ज्यासाठी माणसे लढली, त्याला राज्य म्हणा, मुलूख म्हणा, स्वराज्य म्हणा. ते राजाच्या देहापेक्षा मोठे झाले होते. तथापि या चित्राची दुसरी बाजूही झाकून ठेवता कामा नये. वतने देऊन माणसे बांधण्याची जी पद्धत शिवाजी महाराजांनी आवरती घेतली होती, ती याच धामधुमीत पुन्हा मोकळी सुटली. सरदार हातचे जाऊ नयेत म्हणून वतनांची आश्वासने द्यावी लागली. एकाच लढ्यात मुलुखाचे इमान होते आणि वतनाचेही होते. पुढच्या शतकात वतनाच्या इमानाने काय केले, हे इतिहासाच्या वाचकांस सांगावयास नको.

इंग्रजी राज्य आले आणि निष्ठेच्या या जुन्या व्यवहारात एक चमत्कारिक पालट झाला. परका राजा सात समुद्रांपलीकडे बसलेला. तो मीठ देत नव्हता, उलट मिठावर कर घेत होता. हिंदी शिपायाचा पगारदेखील हिंदी रयतेच्या शेतसाऱ्यातून निघे. मीठ रयतेचे आणि जागावयाचे मात्र राणीला, असा हा न्याय होता. व्यवहाराची एक बाजू अशी नाहीशी झाल्यावर उरलेली बाजू टिकवण्यासाठी कायदा लागला. १८७० मध्ये भारतीय दंडसंहितेत १२४ अ हे कलम घालण्यात आले. त्यातला कळीचा शब्द मराठीत ‘अप्रीती’ असा सांगता येईल. सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करणे हा गुन्हा ठरला.

या कलमाचा पुरता अर्थ महाराष्ट्राला कळला तो १८९७ मध्ये. प्लेगच्या बंदोबस्तातील जाचाने पुणे पोळून निघाले होते. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’त शिवाजी उत्सवाचा वृत्तांत आणि ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता प्रसिद्ध झाली. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. या दोहोंचा संबंध सिद्ध करणारा पुरावा नव्हता. तरीही टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला कलमाचा अर्थ समजावून देताना सांगितले की, अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, आणि सरकारविषयीचा कोणत्याही प्रकारचा दुर्भाव त्यात येतो. सहा युरोपीय ज्यूरर टिळकांना दोषी म्हणाले, तीन हिंदी ज्यूरर निर्दोष म्हणाले, आणि टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा, इतका निर्मळ अर्थ कोणत्याही जुन्या सुलतानाने लावला नसेल. सुलतान मस्तक लववून घेत असे. मनात काय आहे हे विचारण्याची उठाठेव त्याने क्वचितच केली.

१९०८ मध्ये पुन्हा तोच प्रकार घडला. या वेळी ज्यूरी सात विरुद्ध दोन अशी विभागली, सातही युरोपीय एका बाजूला. टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मंडालेस करण्यात आली. यावर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. ज्या कामगारांना मताचा अधिकार नव्हता, ज्यांतील बहुतेकांना ‘केसरी’ वाचताही येत नव्हता, त्यांनी वर्षाला एक असे सहा दिवस आपल्या मजुरीवर पाणी सोडले. १९१६ मध्ये तिसऱ्या वेळी टिळकांकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्यात आला. त्या प्रकरणी बॅरिस्टर जिना यांनी मुंबई उच्च न्यायालयात टिळकांची बाजू मांडली आणि जामिनाचा हुकूम रद्द झाला. नोकरशाहीवरील टीका आणि राज्याविरुद्धचा द्रोह या दोन गोष्टी भिन्न आहेत, ही रेषा त्या प्रकरणात पुढे आली. शंभराहून अधिक वर्षे लोटली, पण ही रेषा अजून सर्वांच्या नजरेस पडलेली दिसत नाही.

१८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेत गांधीजींनी हा प्रश्न मुळाशीच नेऊन भिडवला. प्रीती ही कायद्याने निर्माण करता येत नाही आणि कायद्याने आवरताही येत नाही, असे त्यांनी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांना सांगितले. आरोप कबूल केला आणि जास्तीत जास्त शिक्षा मागितली. एके काळी याच माणसाने बोअर युद्धात आणि पहिल्या महायुद्धात साम्राज्याला निष्ठेने साहाय्य केले होते. राजनिष्ठ माणूस राजद्रोही का बनला याचा हिशेबच त्यांनी आपल्या निवेदनात दिला. हा हिशेब मांडता येतो, ही गोष्ट महत्त्वाची आहे. ज्या निष्ठेचा हिशेब मागता येत नाही तिला गुलामी हेच नाव योग्य.

येथे कोणी असे म्हणेल की, परक्या राजाचा प्रश्न वेगळा आणि आपल्या देशाचा वेगळा. राजा परका असतो, देश तर आपलाच असतो. त्याच्याशी हिशेब कसला? या आक्षेपाचे उत्तर महाराष्ट्रातच दिले गेले आहे, आणि ते देणारी माणसे सोयीस्कर नाहीत. १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सत्कारसमारंभाला महात्मा फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि या मेजवानीतील रत्नजडित मंडळींवरून हिंदुस्थानची पारख करू नका, खरा देश खेड्यांत उपाशी आहे, अशा आशयाचे भाषण त्यांनी केले. तेथे जमलेले सारे प्रतिष्ठित स्वतःला देशाचे प्रतिनिधी मानत होते. देश म्हणजे कोण, हा प्रश्न फुल्यांनी एका पागोट्याने आणि घोंगडीने विचारला.

डॉ. आंबेडकरांनी तो आणखी कठोर शब्दांत विचारला. १९३१ मध्ये मुंबईत मणिभवनात गांधीजींची भेट झाली तेव्हा, आपल्याला मायभूमीच नाही, असे त्यांनी गांधीजींना ऐकवले. ज्या भूमीत आपल्याला कुत्र्या-मांजरापेक्षा हीन वागवले जाते, पाणी पिण्याचाही अधिकार मिळत नाही, ती भूमी आपली कशी म्हणावी, असा त्यांचा सवाल होता. १९३९ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी आपल्या निष्ठांची उतरंड स्वच्छपणे सांगितली : स्वतःचे हित आणि देशाचे हित यांत देशाचे हित आधी, परंतु देशाचे हित आणि अस्पृश्यांचे हित यांत विरोध आला तर अस्पृश्यांचे हित आधी. त्या वेळी या उद्गारांवर पुष्कळांनी नाके मुरडली. आजही हे उद्गार संदर्भ तोडून कोणी वापरील तर त्यांच्यावर देशद्रोहाचा शिक्का मारणे अवघड जाणार नाही. परंतु याच माणसाने दहा वर्षांनंतर देशाला संविधान सिद्ध करून दिले. मायभूमी नाही म्हणणारा माणूस मायभूमी घडवावयास बसला. ज्याला देशाकडे काही मागावयाचे असते तोच देशाला काही देऊ शकतो. देश जेव्हा माणसाला पाणी देत नाही, तेव्हा त्याच्या निष्ठेची चौकशी करण्याचा नैतिक अधिकार देशाने गमावलेला असतो.

आता पुन्हा लाल किल्ल्याकडे वळावयास हवे. आरोपींच्या वतीने भुलाभाई देसाई उभे राहिले. त्यांचे शरीर आजाराने पोखरलेले होते आणि पुढच्याच वर्षी त्यांचा अंत झाला. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा : पारतंत्र्यातील राष्ट्राला आपल्या मुक्ततेसाठी युद्ध करण्याचा अधिकार आहे, आणि अशा युद्धात लढणाऱ्यांना सामान्य फौजदारी कायद्याने तोलता येत नाही. स्वतंत्र देशात राजा आणि देश यांच्याशी असलेले इमान एकच असते. परतंत्र देशात ते दुभंगते, आणि दुभंगल्यावर देशाची निवड करणाऱ्याला बेइमान म्हणता येत नाही. याला एक वस्तुनिष्ठ आधारही होता. १७ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूरच्या फेरर पार्कवर शरण आलेले हजारो हिंदी सैनिक एकत्र करण्यात आले आणि एका ब्रिटिश अधिकाऱ्याने त्यांना जपानी अधिकाऱ्याच्या स्वाधीन केले. राजाने आपल्या शिपायांना असे सोडून दिल्यानंतर राजाचा त्यांच्यावर कोणता दावा उरला, असा हा प्रश्न होता. मीठ देणाऱ्याने ताट ओढून घेतले, मग जागावयाचे कशाला?

न्यायालयाने तिघांनाही युद्ध पुकारल्याबद्दल दोषी ठरवले. जन्मठेप, बडतर्फी आणि पगारजप्ती अशी शिक्षा सुनावली. सरसेनापती ऑकिन्लेक यांनी बडतर्फी कायम ठेवून जन्मठेप मात्र माफ केली, आणि जानेवारी १९४६ च्या प्रारंभी तिघेही मोकळे झाले. कायद्याने दोषी आणि देशाच्या दृष्टीने वीर अशा स्थितीत त्यांना सोडावे लागले, यातच साम्राज्याचा पराभव होता. ज्या सैन्याच्या इमानावर राज्य उभे होते, त्या इमानाला तडा गेल्याचे राज्यकर्त्यांना कळून चुकले. पुढच्या महिन्यात, १८ फेब्रुवारी १९४६ रोजी, मुंबईच्या ‘तलवार’ तळावर नाविकांनी निकृष्ट अन्न आणि अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध संप पुकारला. पाहता पाहता सुमारे २०,००० नाविक त्यात सामील झाले. जहाजांवर काँग्रेसचा, लीगचा आणि लाल असे तीन झेंडे शेजारी शेजारी फडकले. मुंबईचा कामगार रस्त्यावर उतरला, गोळीबार झाला, दोनशेहून अधिक माणसे मारली गेली. सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून २३ फेब्रुवारीस नाविकांनी शस्त्रे खाली ठेवली.

या इतिहासाचे उत्तरार्धातील पान मात्र फारसे कोणी उलगडत नाही. स्वतंत्र भारताने आझाद हिंद सेनेच्या सैनिकांना आपल्या सैन्यात परत घेतले नाही. संपातील बडतर्फ नाविकांनाही नौदलाची दारे बंदच राहिली. ज्यांच्या बंडाने स्वातंत्र्य जवळ आणले त्यांची शिस्त नव्या राज्यालाही धोक्याची वाटली. याला एक बाजू आहे, ती न्यायाने मांडली पाहिजे. इंफाळ आणि कोहिमा येथे १९४४ मध्ये जपानी सैन्याला थोपवणारे हिंदी शिपाईही प्रामाणिक होते. फॅसिस्ट सत्तेच्या मदतीने येणारे स्वातंत्र्य कसे असेल याची चिंता करणारे समाजवादीही प्रामाणिक होते. अंदमानात जपान्यांनी केलेले अत्याचार ही काही कल्पित कथा नव्हे. सैन्याने निष्ठेचा निर्णय वारंवार स्वतःच करावयाचा ठरवले तर लोकशाही शिल्लक राहणार नाही, हेही खरे. परंतु इतके मान्य केल्यावरही एक प्रश्न उरतोच. सैनिकाने, पोलिसाने, अधिकाऱ्याने हुकूम पाळावा. पण हुकूम देणाऱ्याने काय पाळावे?

जर्मनीचे उदाहरण येथे थोडक्यात सांगणे पुरे होईल. वायमार प्रजासत्ताकात सैनिक संविधानाची शपथ घेत. २ ऑगस्ट १९३४ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग मरण पावले, आणि त्याच दिवशी सैनिकांकडून नवी शपथ घेण्यात आली. तीत संविधानाचा उल्लेख नव्हता. ॲडॉल्फ हिटलर या व्यक्तीच्या बिनशर्त आज्ञापालनाचे वचन होते. पुढे विनाश समोर दिसत असताही अनेक सेनाधिकारी शपथेचे कारण सांगून स्वस्थ बसले. शपथेतील एक नाव बदलले आणि सभ्य माणसांच्या सद्‌गुणालाच अपराधाचे हत्यार बनवले गेले. म्हणून शपथेतील शब्द हा निव्वळ विधीचा भाग मानू नये.

भारतीय संविधानाच्या शिल्पकारांनी या शब्दांकडे डोळसपणे पाहिले होते. भारताचा मंत्री शपथ घेतो ती संविधानाविषयी खरी श्रद्धा आणि निष्ठा बाळगण्याची. राष्ट्रपती शपथ घेतात ती संविधानाचे आणि कायद्याचे रक्षण करण्याची. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांच्या आणि लोकप्रतिनिधींच्या शपथेत देशाचे सार्वभौमत्व आणि एकात्मता उन्नत राखण्याचे शब्द जोडले गेले. तरी व्यक्तीचे वा पक्षाचे नाव कोठेही आले नाही. आणि या देशात जन्मलेल्या सामान्य नागरिकाकडून तर नागरिकत्वासाठी कोणतीही शपथ मागितली जात नाही. त्याचे देशावर प्रेम आहे की नाही हे तपासून त्याला नागरिकत्व दिलेले नाही. तो या मातीचा आहे, एवढे पुरेसे मानले आहे. हा संविधानाचा मोठेपणा आहे. १ डिसेंबर १९४८ रोजी घटनासमितीत कन्हैयालाल मुन्शी यांनी भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांच्या यादीतून राजद्रोह हा शब्द काढण्याची दुरुस्ती सुचवली, आणि तो शब्द गेला. दंडसंहितेतील कलम मात्र राहिले. ज्या कलमाखाली टिळक आणि गांधी तुरुंगात गेले ते कलम स्वतंत्र भारताने जपून ठेवले!

आणि मग आली आणीबाणी. २५ जून १९७५ च्या संध्याकाळी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाशजींनी पोलीस आणि सैन्य यांना आवाहन केले की, बेकायदा हुकूम पाळू नका. त्याच रात्री आणीबाणी पुकारली गेली आणि सैन्याला चिथावणी दिल्याचा ठपका हे तिचे एक मोठे समर्थन म्हणून पुढे करण्यात आले. त्या आवाहनाविषयी प्रामाणिक मतभेद असू शकतात. पोलिसाने हुकूम कायदेशीर की बेकायदा हे उभ्या उभ्या कसे ठरवावे, हा प्रश्न पोकळ नाही. परंतु जयप्रकाशजींनी त्यांना आपल्या नावाची शपथ घ्या असे सांगितले नव्हते. त्यांनी आधी घेतलेल्या शपथेची आठवण दिली होती. त्याच सुमारास काँग्रेसचे अध्यक्ष देवकांत बारुआ यांनी इंदिरा आणि इंडिया यांचे अद्वैत घोषित केले. एकीकडे संविधानाची आठवण आणि दुसरीकडे व्यक्तीशी देशाची एकरूपता; यांतील द्रोह कोणता, याचा निर्णय १९७७ मध्ये मतदारांनी दिला.

त्या एकोणीस-एकवीस महिन्यांत इमान राखणारी माणसे कोण होती, हे पाहण्यासारखे आहे. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात, केंद्रीय मंत्र्यांच्या उपस्थितीत, अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी लेखनस्वातंत्र्याचा आवाज उठवला आणि पुढे तुरुंगवास सोसला. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी, आणीबाणीतही माणसाचे जीवित आणि स्वातंत्र्य कायद्याविना हिरावता येत नाही, असा निकाल लिहिला; आणि पुढे त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तीस सरन्यायाधीश करण्यात आले. मधु लिमये तुरुंगात होते. लोकसभेची पाच वर्षांची मुदत संपल्यावर ती वाढवण्यात आली, तेव्हा मधु लिमये आणि तरुण शरद यादव यांनी खासदारकीचा राजीनामा दिला. लोकांनी पाच वर्षांसाठी निवडले. सहाव्या वर्षाचा अधिकार लोकांनी दिलेला नाही, इतका साधा हा हिशेब होता. यात गर्जना नव्हती. एका लेखिकेने व्यासपीठाशी, एका न्यायमूर्तीने पदाशी आणि दोन प्रतिनिधींनी मतदारांशी इमान राखले. देशनिष्ठा ही अशा छोट्या छोट्या नेमक्या इमानांची बेरीज असते.

याच आणीबाणीत बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये संविधानात घातली गेली. हक्क गोठवलेले असताना कर्तव्ये सांगितली गेली, हा योगायोग बोलका आहे. परंतु त्या कर्तव्यांतील एक असे की, स्वातंत्र्यलढ्यास स्फूर्ती देणारे उदात्त आदर्श नागरिकाने जोपासावेत. ज्यांनी हे लिहिले त्यांच्या ध्यानात आले की नाही कोण जाणे, पण अन्याय्य कायद्याचा सविनय भंग हा त्या लढ्याचा एक प्रमुख आदर्श होता!

न्यायालयांनी काही वेळा या बाबतीत शहाणपणाचे निर्णय दिले आहेत. १९६२ मध्ये केदारनाथ सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राजद्रोहाचे कलम रद्द केले नाही, पण हिंसेला वा सार्वजनिक अशांततेला प्रवृत्त करणाऱ्या शब्दांपुरते ते आवळले. १९८६ मध्ये केरळमधील तीन शाळकरी मुलांचा प्रश्न आला. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, परंतु धर्मश्रद्धेमुळे गात नसत. शाळेतून काढलेल्या त्या मुलांना परत घेण्याचा आदेश न्यायालयाने दिला. ओठ हलले नाहीत म्हणून निष्ठा नाही असे मानता येत नाही. तोंडाने मोठ्याने गाऊन कर चुकवणाऱ्यापेक्षा स्तब्ध उभे राहणारे मूल देशाचे काय वाईट करते?

११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२४ अ हे कलम स्थगित ठेवले आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर ते नावानिशी नाहीसे झाले. परंतु त्या जागी कलम १५२ आले. त्यात सरकारऐवजी देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता यांना धोका पोहोचवण्याचा उल्लेख आहे, आणि जन्मठेपेखालची शिक्षा तीन वर्षांवरून सात वर्षांपर्यंत वाढली आहे. राजद्रोह गेला म्हणून हर्ष मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, राजद्रोहाच्या आरोपात निदान एवढी तरी कबुली होती की रागावला आहे तो राजा. आता रागावणारा तोच असेल आणि नाव मात्र देशाचे पुढे केले जाईल, ही भीती अनाठायी नाही. एखाद्या धरणाला विरोध करणारा आदिवासी, वेतन मागणारा कामगार, हिशेब विचारणारा पत्रकार यांना देशाचे शत्रू म्हणणे सोपे होते, कारण देश स्वतः येऊन साक्ष देत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी इशारा दिला होता की, धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणात विभूतिपूजा हा अधःपाताचा आणि अखेर हुकूमशाहीचा मार्ग आहे. तो इशारा कोणत्या एका पक्षासाठी नव्हता, आणि समाजवादी चळवळीनेही आपल्या नेत्यांच्या बाबतीत तो नेहमी पाळला असे म्हणता येणार नाही.

तेव्हा इमान कोणाशी? शेवटी एक प्रसंग आठवावा. मे १९४७. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलेले. अशा वेळी साने गुरुजी पंढरपुरात उपोषणास बसले होते. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे, ही त्यांची मागणी होती. देश स्वतंत्र होत असताना हे कसले खूळ, असे म्हणणारे होते. धर्म बुडवणारा असे म्हणणारेही होते. दहा दिवसांनी मंदिर खुले होण्याचा मार्ग मोकळा झाला आणि उपोषण सुटले. झेंडा कोठे फडकणार हे त्या वेळी ठरतच होते. पण त्या झेंड्याखाली कोण उभा राहू शकणार, हा प्रश्न गुरुजींना आधीचा वाटला. देशावर प्रेम करणे म्हणजे देशातील ज्या माणसाला दाराबाहेर ठेवले आहे त्याच्या बाजूला जाऊन उभे राहणे, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

मीठ अखेर या देशातील कष्टकऱ्यांचे आहे. मिठागरात पाय भाजून ते पिकवणाराही तोच आणि एके काळी त्यावरचा कर भरणाराही तोच होता. सरकारे त्या मिठावर चालतात, सैन्ये त्यावर पोसली जातात, न्यायमूर्ती, मंत्री, लेखक आणि वक्ते तेच मीठ खातात. खाल्ल्या मिठाला जागावयाचे असेल तर त्याच्याशी जागले पाहिजे. बाकीची सारी इमाने या एका इमानाच्या कसोटीवर घासून पाहावीत. जी टिकतील ती ठेवावीत आणि जी टिकणार नाहीत ती नम्रपणे, पण निर्भयपणे परत करावीत.